ऑक्टोपॅड

ऑक्टोपॅड (उच्चारभेद: ऑक्टापॅड) हे काठ्यांनी किंवा हातांनी वाजवले जाणारे इलेक्ट्रॉनिक तालवाद्य आहे. एका चौकटीत बसवलेल्या आठ रबरी पट्ट्या, म्हणजेच पॅड, हा त्याचा मुख्य भाग होय. पॅडवर आघात केला असता वाद्याच्या स्मृतीत साठवलेला ध्वनी ध्वनिवर्धकातून ऐकू येतो. पॅडला स्वतःचा नाद नसतो. कोणत्या पॅडमधून कोणता ध्वनी, किती मोठ्याने, किती उंच स्वरात आणि किती वेळ उमटावा हे वाद्यावरील बटणे, नॉब व पायपट्ट्या यांच्या साहाय्याने ठरवले जाते. त्यामुळे पारंपरिक चर्मवाद्यात वाद्य चढवणे व लावणे याला जे स्थान आहे, ते ऑक्टोपॅडमध्ये नियंत्रणांच्या मांडणीला आहे.

महाराष्ट्रात वाद्यवृंद (ऑर्केस्ट्रा), भावगीत व भक्तिगीतांचे कार्यक्रम, भीमगीतांचे जलसे, जागर, लग्नसमारंभ आणि सार्वजनिक उत्सव यांत ऑक्टोपॅड प्रचलित आहे. अमरावती व अकोला या वऱ्हाडातील जिल्ह्यांतही गायनपार्टीच्या साथीला ढोलक व हार्मोनियम यांच्या जोडीने हे वाद्य दिसते.

नाव

'ऑक्टा' या ग्रीक मूळ असलेल्या उपसर्गाचा अर्थ 'आठ' असा आहे. आठ पॅडचे वाद्य म्हणून 'ऑक्टापॅड' हे नाव जपानमधील रोलँड या कंपनीने आपल्या उत्पादनाला दिले. हे मुळात व्यापारी नाव असले तरी भारतात ते जातिवाचक नामासारखे रूढ झाले आहे. नऊ किंवा बारा पॅड असलेल्या, तसेच इतर कंपन्यांनी बनवलेल्या वाद्यांनाही बोलण्यात ऑक्टोपॅडच म्हटले जाते. हे वाद्य वाजवणाऱ्यास 'ऑक्टोपॅडवादक' किंवा नुसते 'पॅडवाला' असे म्हणतात.

इतिहास

इकुतारो काकेहाशी यांनी १९७२ साली जपानमधील ओसाका येथे रोलँड कंपनीची स्थापना केली. या कंपनीने १९८० साली काढलेले टीआर-८०८ हे तालयंत्र पुढे जगभर प्रसिद्ध झाले. अशा यंत्रांत ताल आधी बटणांनी भरून ठेवावा लागे. वादकाने प्रत्यक्ष हाताने वाजवावे आणि ध्वनी मात्र यंत्रातून यावा, यासाठी निराळ्या साधनाची गरज होती.

१९८३ साली निरनिराळ्या कंपन्यांच्या इलेक्ट्रॉनिक वाद्यांना परस्परांशी जोडणारी 'एमआयडीआय' (मिडी) ही समान संकेतप्रणाली प्रचारात आली. तिच्या आधारे रोलँडने १९८५ साली 'ऑक्टापॅड पॅड-८' हे वाद्य बाजारात आणले. त्यात एकही ध्वनी साठवलेला नव्हता. आघाताची माहिती मिडी संकेताच्या रूपाने दुसऱ्या यंत्राकडे पाठवणे एवढेच त्याचे काम होते. या अर्थाने पहिला ऑक्टोपॅड हा आजच्या परिभाषेतील 'पॅड नियंत्रक' होता. पुढे आलेल्या एसपीडी मालिकेत ध्वनींचा साठा वाद्यातच समाविष्ट झाला. १९९८ साली आलेल्या एसपीडी-२० या प्रतिरूपात सुमारे ७०० ध्वनी आणि ९९ पॅच होते. २०१० साली आलेल्या एसपीडी-३० मध्ये मोठा पडदा, यूएसबी जोडणी आणि वाजवलेला तुकडा पुनःपुन्हा फिरवत ठेवण्याची म्हणजे लूपची सोय देण्यात आली.

मिडी प्रणालीच्या निर्मितीबद्दल काकेहाशी आणि अमेरिकी अभियंते डेव्ह स्मिथ यांना २०१३ साली तांत्रिक ग्रॅमी पुरस्कार देण्यात आला. काकेहाशी यांचे २०१७ साली निधन झाले.

भारतात चित्रपटसंगीताच्या ध्वनिमुद्रणातून या वाद्याची ओळख झाली व तेथून ते रंगमंचावर आले. १९९१ च्या आर्थिक उदारीकरणानंतर परदेशी वाद्ये मिळणे सुलभ झाले आणि ऑक्टोपॅड जिल्ह्याच्या व तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचला.

रचना व कार्यतत्त्व

सामान्यतः आठ पॅड चार-चारच्या दोन ओळींत मांडलेले असतात. प्रत्येक पॅडच्या रबराखाली दाबविद्युत् संवेदक असतो. काही स्फटिकांवर दाब पडला असता विद्युत्दाब निर्माण होतो, हा गुणधर्म प्येर व झाक क्यूरी या बंधूंनी १८८० साली दाखवून दिला होता. आघात जितका जोरकस, तितका संवेदकातून येणारा विद्युत्स्पंद मोठा असतो. वाद्यातील प्रक्रियक हा स्पंद मोजतो, त्याला १ ते १२७ या दरम्यानचा अंक देतो आणि त्या अंकाच्या प्रमाणात ध्वनी उमटवतो. या अंकाला 'व्हेलॉसिटी' म्हणतात. शब्दशः अर्थ वेग असला तरी वादकाच्या दृष्टीने तो आघाताचा जोर होय.

वाद्याच्या मागील बाजूस ध्वनी बाहेर नेणारी दोन छिद्रे (डावे व उजवे), हेडफोनचे छिद्र, मिडीची पाच टाचण्यांची जोडणी, पायपट्टी व बाहेरील जादा पॅड जोडण्याची छिद्रे आणि अडॅप्टरची जागा असते. ध्वनिवर्धकाकडे एकच वायर जात असल्यास ती 'एल/मोनो' असे लिहिलेल्या छिद्रात लावावी लागते. केवळ उजव्या छिद्रात वायर लावल्यास डाव्या बाजूला ठेवलेले ध्वनी क्षीण होतात किंवा ऐकूच येत नाहीत.

नियंत्रणे

नियंत्रणांचे तीन गट पडतात. पहिला गट वाजवताना वापरण्याच्या नियंत्रणांचा, दुसरा प्रत्येक पॅडचा ध्वनी घडवणाऱ्या नियंत्रणांचा आणि तिसरा पॅडने आघात कसा ओळखावा हे ठरवणाऱ्या नियंत्रणांचा. बटणांची नावे व जागा प्रतिरूपानुसार बदलतात, परंतु त्यांची कार्ये बहुतेक वाद्यांत सारखीच असतात.

वाजवतानाची नियंत्रणे

व्हॉल्यूमचा नॉब एकूण आवाज कमीजास्त करतो. पॅच किंवा किट बदलणारी अधिक व उणे चिन्हांची बटणे ही वादकाच्या सर्वांत जास्त वापरातील नियंत्रणे होत. आठही पॅडच्या ध्वनींचा व मांडणीचा एक संच म्हणजे पॅच. एका गाण्यासाठी एक पॅच वापरला जातो. कार्यक्रमातील गाण्यांच्या क्रमानेच पॅच साठवून ठेवल्यास दोन गाण्यांच्या मध्ये एकदाच बटण दाबून पुढील गाण्याची तयारी होते. काही वाद्यांत हे काम पायपट्टीवर सोपवता येते, त्यामुळे हात मोकळे राहतात. दुसरी पायपट्टी खर्जातील ढोलाच्या (किक) आघातासाठी आणि तिसरी हाय-हॅट या झांजेची उघडझाप करण्यासाठी जोडता येते.

ध्वनी घडवणारी नियंत्रणे

संपादनाचे (एडिट) बटण दाबून पॅडवर एकदा आघात केला की तो पॅड निवडला जातो. त्यानंतर पुढील गोष्टी ठरवता येतात:

ध्वनिक्रमांक – साठ्यातील कोणता ध्वनी त्या पॅडला द्यायचा.

पातळी (लेव्हल) – इतर पॅडच्या तुलनेत त्या पॅडचा आवाज.

स्वरोच्चता (पिच) – ध्वनी किती उंच वा खर्ज असावा. ढोलकीची शाई गाण्याच्या षड्जाशी जुळवतात, तोच हेतू येथे या नियंत्रणाने साधला जातो. गायकाने पट्टी बदलल्यास हे मूल्यही बदलावे लागते.

क्षय (डिके) – आस किती वेळ टिकावी. जलद लयीत आस लांबल्यास बोल एकमेकांत मिसळतात.

दिशा (पॅन) – ध्वनी डाव्या किंवा उजव्या बाजूने ऐकू यावा.

परिणाम (इफेक्ट) – घुमारा, प्रतिध्वनी इत्यादी. सभागृहात मुळातच घुमारा असतो, तेथे हे मूल्य कमी ठेवतात.

स्तर (लेयर) – एका पॅडवर दोन ध्वनी. ते एकाच वेळी वाजवता येतात किंवा आघाताच्या जोरानुसार एकाऐवजी दुसरा वाजवता येतो. हलक्या आघाताला 'ना' आणि जोरकस आघाताला 'ता' अशी योजना या नियंत्रणामुळे शक्य होते.

निरोध गट (म्यूट ग्रुप) – एका गटातील दुसरा पॅड वाजताच पहिल्याची आस तुटते. उघडी झांज मिटवणे किंवा बायाचा घुमारा बंद थापेने थांबवणे, यासाठी याचा उपयोग होतो.

आघात ओळखणारी नियंत्रणे

संवेदनक्षमता (सेन्सिटिव्हिटी) हे मूल्य वाढवल्यास हलक्या आघातालाही मोठा आवाज येतो. बोटांनी वाजवणाऱ्यास ते जास्त आणि काठीने वाजवणाऱ्यास कमी ठेवावे लागते.

उंबरठा मूल्य (थ्रेशोल्ड) म्हणजे ज्याहून कमी जोराचा आघात वाद्याने मोजूच नये ती मर्यादा. मोठे ध्वनिवर्धक मंचालगत असले किंवा वाद्य चालत्या वाहनावर ठेवलेले असले, तर कंपनांमुळे पॅड आपोआप वाजू लागतात. अशा वेळी हे मूल्य वाढवतात. ते फार वाढवल्यास मात्र बारीक बोल गळून पडतात.

वक्र (कर्व्ह) हे आघाताचा जोर आणि आवाज यांतील प्रमाण ठरवते. सरळ प्रमाण ठेवल्यास जोर दुप्पट झाला की मोजलेला अंकही त्याच प्रमाणात वाढतो. अन्य वक्रांत हलक्या किंवा जोरकस आघातांतील फरक अधिक उठून दिसतो. एका टोकाच्या वक्रात कसाही आघात केला तरी आवाज सारखाच येतो. गजबजलेल्या मिरवणुकीत तो सोयीचा ठरतो, परंतु गझल किंवा भावगीताच्या साथीत तोच वक्र राहून गेल्यास ठेका सपाट वाटतो.

परसंवेदन (क्रॉसटॉक) म्हणजे एका पॅडवरील आघाताने शेजारचा पॅड वाजणे, आणि आवरणकाल (मास्क टाइम) म्हणजे एका आघातानंतर काही सहस्रांश सेकंद दुसरा आघात न मोजणे. काठी उडून पुन्हा टेकल्याने एकाच आघाताचे दोन ध्वनी येत असतील, तर आवरणकाल वाढवतात.

केलेले बदल जतन (राइट किंवा सेव्ह) केल्याशिवाय अनेक प्रतिरूपांत टिकत नाहीत. त्यामुळे बदल केल्यावर ते जतन करणे, आणि यूएसबीची सोय असल्यास सर्व पॅचची प्रत पेनड्राइव्हवर ठेवणे आवश्यक असते.

मिडी संकेत

पॅडवर आघात होताच वाद्य तीन अंकांचा संकेत पाठवते: कोणत्या वाहिनीवर कोणती क्रिया, कोणता ध्वनी आणि किती जोर. वाहिन्या १६ असतात. सर्वसाधारण मिडी प्रमाणानुसार दहावी वाहिनी तालवाद्यांसाठी राखून ठेवली आहे. तिच्यात ३६ हा क्रमांक किकचा, ३८ स्नेअर ड्रमचा, ४२ मिटलेल्या हाय-हॅटचा आणि ४६ उघड्या हाय-हॅटचा असतो. ऑक्टोपॅड संगणकाला जोडल्यावर भलताच ध्वनी येत असल्यास बहुधा हे क्रमांक जुळलेले नसतात.

पाच टाचण्यांच्या मिडी वायरमधून सेकंदाला ३१,२५० बिट इतक्या वेगाने माहिती जाते. प्रत्येक अंकासाठी १० बिट लागत असल्याने एका आघाताच्या संकेतास सुमारे एक सहस्रांश सेकंद लागतो. हा विलंब कानाला जाणवत नाही. संगणकातून ध्वनी काढताना मात्र आणखी विलंब होतो. सेकंदाला ४४,१०० नमुने या दराने २५६ नमुन्यांचा साठा (बफर) ठेवल्यास सुमारे ५.८ सहस्रांश सेकंदांची भर पडते. शिवाय हवेतून ध्वनीला एक मीटर अंतर कापण्यास सुमारे तीन सहस्रांश सेकंद लागतात. म्हणजे पाच मीटर दूरच्या ध्वनिवर्धकावरून स्वतःचे वादन ऐकणाऱ्यास ते सुमारे १५ सहस्रांश सेकंद उशिरा ऐकू येते. याच कारणाने वादकाजवळ स्वतंत्र मॉनिटर ठेवण्याची पद्धत आहे.

अन्य पॅड नियंत्रक

ध्वनिमुद्रणासाठी व संगीतरचनेसाठी बोटांनी वाजवायचे पॅड नियंत्रक ही याच कुळातील दुसरी शाखा आहे. रॉजर लिन यांच्या सहभागाने अकाई कंपनीने १९८८ साली काढलेल्या एमपीसी-६० मध्ये चार ओळींत चार असे १६ पॅड होते. ही मांडणी पुढे प्रमाण ठरली. २००९ साली आलेल्या नोव्हेशन लाँचपॅडमध्ये आठ ओळींत आठ असे ६४ चौकोन होते. यामाहाच्या डीटीएक्स-मल्टी १२ मध्ये बारा पॅड असून तो काठ्यांनी तसेच हातांनीही वाजवता येतो.

बोटांच्या नियंत्रकांवर ऑक्टोपॅडवर सहसा न आढळणारी काही नियंत्रणे असतात. 'बँक' बटणामुळे त्याच १६ पॅडवर ध्वनींचे दुसरे संच येतात. 'फुल लेव्हल' दाबल्यास प्रत्येक आघात १२७ या कमाल जोराचा धरला जातो. 'नोट रिपीट' चालू असताना पॅड दाबून धरला की ठरलेल्या लयीत तोच ध्वनी पुनःपुन्हा उमटतो. फिरणारे नॉब व सरकपट्ट्या ० ते १२७ ही मूल्ये पाठवतात. नॉबची प्रत्यक्ष स्थिती आणि संगणकातील मूल्य जुळत नसल्यास नॉब हलवताच आवाज एकदम उसळू शकतो. तो टाळण्यासाठी 'पिकअप' ही रीत वापरतात. तीत नॉब संगणकातील मूल्यापर्यंत पोहोचल्यावरच बदल होऊ लागतो. अंतहीन फिरणाऱ्या नॉबमध्ये हा प्रश्न उद्भवत नाही.

वादनपद्धती

तबला किंवा ढोलक यांचे बोल पॅडवर आणताना ते घटकांत विभागावे लागतात. 'धा' हा 'गे' आणि 'ना' यांच्या संयोगाने, तर 'धि' हा 'गे' आणि 'ति' यांच्या संयोगाने बनतो. 'क' ही बायाची बंद थाप आहे. त्यामुळे खालच्या ओळीत डावीकडून 'क', 'गे', 'ना' आणि 'ति' असे चार ध्वनी ठेवल्यास केरव्याचा ठेका पूर्ण वाजवता येतो. डाव्या हाताकडे पहिले दोन पॅड आणि उजव्या हाताकडे पुढचे दोन पॅड राहतात. आठ मात्रांचा ठेका पुढीलप्रमाणे येतो:

धा – दुसरा व तिसरा पॅड एकत्र
गे – दुसरा
ना – तिसरा
ति – चौथा
न – तिसरा
क – पहिला
धि – दुसरा व चौथा पॅड एकत्र
ना – तिसरा

यात 'क' आणि 'गे' एकाच निरोध गटात ठेवणे महत्त्वाचे असते. तसे केल्यास सहाव्या मात्रेला बायाची आस तुटते आणि ठेक्यातील भरी-खाली स्पष्ट होते. निरोध गट न लावल्यास पहिल्या अर्धातील घुमारा दुसऱ्या अर्धात वाहत राहतो आणि ठेका ओळखू येत असूनही त्याचे वजन हरवते. वरच्या ओळीतील चार पॅड डफ, खंजेरी, घुंगरू व झांज यांसाठी मोकळे राहतात. एक वादक तीन-चार वाद्यांची जागा घेतो तो या प्रकारे.

तबला किंवा ढोलकी शिकलेल्या वादकास बोलांची जाण आधीपासून असते. त्याला केवळ काठ्यांची सवय करावी लागते. थेट ऑक्टोपॅडपासून आरंभ करणाऱ्यास तयार पॅचमुळे लवकर वाजवता येते, परंतु बोल कशापासून बनला हे ठाऊक नसल्यास पॅचमधील दोष दूर करता येत नाही. तयार पॅच वादकांमध्ये पेनड्राइव्हवरून दिलेघेतले व विकलेही जातात.

वऱ्हाडातील वापर

अमरावती व अकोला जिल्ह्यांत तालवाद्यांची परंपरा विविध आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (१९०९–१९६८) खंजेरीच्या साथीने भजने गात. अमरावती जिल्ह्यातील तिवसा तालुक्यात असलेल्या गुरुकुंज मोझरी येथील त्यांच्या आश्रमामुळे खंजेरी भजनाची परंपरा विदर्भभर रुजली असून खंजेरी भजनाच्या स्पर्धा आजही होतात. वारकरी भजनात पखवाज व टाळ, लग्नाच्या वरातीत व मिरवणुकीत डफडे, सनई, ताशा व संदल, गोंधळात संबळ, आणि मेळघाटातील कोरकू समाजाच्या नृत्यांत ढोल व बासरी ही वाद्ये वाजवली जातात.

ऑक्टोपॅड या परंपरांच्या शेजारी आला. सार्वजनिक गणेशोत्सव, अमरावती व अकोला या दोन्ही शहरांत थाटाने साजरा होणारा दुर्गोत्सव, नवरात्रातील जागर, १४ एप्रिलच्या आंबेडकर जयंतीनिमित्त होणारे भीमगीतांचे कार्यक्रम आणि लग्नाच्या आदल्या रात्रीचे गाण्याचे कार्यक्रम यांत गायक, की-बोर्डवादक, ढोलकवादक आणि ऑक्टोपॅडवादक असा लहान संच रूढ झाला. गावोगावी प्रवास करणाऱ्या पार्टीला एका पेटीत मावणारे आणि कार्यक्रमापूर्वी तापवावे वा चढवावे न लागणारे वाद्य सोयीचे वाटते. पावसाळ्यात चामडे ओलसर होऊन खंजेरी किंवा डफड्याचा नाद बसतो, ही अडचण पॅडला येत नाही.

अकोल्यात श्रावणातील अखेरच्या सोमवारी कावडयात्रा निघते. गांधीग्राम येथील पूर्णा नदीचे पाणी कावडीने आणून शहराचे ग्रामदैवत राजराजेश्वरास अभिषेक केला जातो. अशा चालत्या मिरवणुकीत पायी चालत वाजवता येणारे ढोल-ताशे आणि वाहनावर बसवलेली विद्युत् ध्वनियंत्रणा या दोन पद्धती शेजारी शेजारी दिसतात. ऑक्टोपॅडला वीज, ध्वनिवर्धक व स्थिर बैठक लागत असल्याने त्याची जागा वाहनावर किंवा मंचावर असते. पायी चालणाऱ्या पथकात तो वापरता येत नाही.

रोजगारावरील परिणाम

ऑक्टोपॅडमुळे लहान पार्टीला कमी माणसांत कार्यक्रम करणे शक्य झाले. त्याच वेळी झांज, डफ, घुंगरू, खंजेरी यांसारखी पूरक वाद्ये वाजवणाऱ्यांची गरज कमी झाली. पूर्वी तालविभागात तीन-चार जण बसत, तेथे एक-दोघांत काम भागू लागले. वऱ्हाडात डफडे व सनई वाजवणे हे अनेक कुटुंबांचे पिढीजात उपजीविकेचे साधन राहिले आहे. त्यामुळे हा बदल केवळ संगीतापुरता मर्यादित नाही.

पुढे मुद्रित ध्वनीवर चालणारे डीजे आणि गायकाचा आवाज वगळलेले तयार ट्रॅक यांचा प्रसार झाला. तेव्हा ज्या कारणाने ऑक्टोपॅडला मागणी आली होती, त्याच कारणाने त्याची मागणी घटण्याचा धोका निर्माण झाला. ट्रॅकला वादकच लागत नाही. ऑक्टोपॅडमध्ये ध्वनी साठवलेला असला तरी लय, वजन व गायकाच्या अंगाने जाणारी साथ वादकाच्या हातची असते. गायकाने ओळ पुन्हा घेतली, लय वाढवली किंवा मध्येच थांबला, तर वादक त्याच्यासोबत जातो. ट्रॅकला ते शक्य नसते. या कारणास्तव ऑक्टोपॅडची गणना जिवंत साथीच्या वाद्यांत केली जाते.

मर्यादा

चर्मवाद्याचा नाद आघाताची जागा, बोटांचा कोन आणि चामड्यावरील दाब यांनुसार सतत बदलतो. ढोलकीच्या धुमेवर मनगट सरकवून काढलेला घुमारा, खंजेरीचे चामडे बोटाने दाबून बदललेला स्वर किंवा हलगीवर बोट व काडी यांच्या जोडीतून येणारे बोल यांसाठी साध्या पॅडवर पुरेसे नियंत्रण नसते. पॅड प्रामुख्याने आघाताचा क्षण व जोर मोजतो. घुमाऱ्याचा ध्वनी साठवून ठेवता येतो, पण त्याचा चढउतार प्रत्येक वेळी एकसारखा राहतो. एकाच मुद्रित ध्वनीची जलद पुनरावृत्ती झाल्यास ती यांत्रिक भासते. स्तरयोजना, योग्य वक्र आणि एका बोलासाठी दोन पॅड वापरून हा दोष काही अंशी कमी करता येतो.

कारखान्यातून येणाऱ्या ध्वनिसाठ्यात तबला, ढोलक यांसारखी सर्वपरिचित वाद्ये आढळतात. डफडे किंवा खंजेरी यांचे स्थानिक बाज त्यात सहसा नसतात. ध्वनी मुद्रित करण्याची (सॅम्पलिंग) सोय असलेल्या वाद्यांत असे ध्वनी स्थानिक वादकाकडून वाजवून घेऊन भरता येतात. ही नोंद अभ्यासासाठी उपयुक्त असली तरी एका आघाताच्या मुद्रणातून वादनपरंपरा जतन होत नाही, कारण बोलांचा क्रम, लयीचे अंग आणि प्रसंगानुसार बदलणारा बाज ही तिची मुख्य अंगे आहेत. भारतात ध्वनिमुद्रणांना कॉपीराइट अधिनियम, १९५७ चे संरक्षण असून त्याची मुदत ६० वर्षे आहे. दुसऱ्याच्या ध्वनिमुद्रिकेतून ध्वनी उचलून पॅचमध्ये भरताना ही बाब लागू होते.

ध्वनिमर्यादा

ऑक्टोपॅडचा आवाज ध्वनिवर्धकातूनच येत असल्याने त्याच्या सार्वजनिक वापरास ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २००० लागू होतात. त्यांनुसार निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागात अनुक्रमे ६५ व ५५ डेसिबल आणि शांतता क्षेत्रात ५० व ४० डेसिबल अशी मर्यादा आहे. रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्या सभोवतालचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरवता येतो. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिवर्धकांच्या खुल्या वापरास मनाई आहे. वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस, रात्री १२ वाजेपर्यंत सूट देण्याचा अधिकार राज्य शासनास आहे. सरावासाठी हेडफोन वापरता येणे ही चर्मवाद्यांच्या तुलनेत ऑक्टोपॅडची सोय मानली जाते.

देखभाल

वऱ्हाडातील उन्हाळ्यात तापमान ४५ अंश सेल्सियसच्या पुढे जाते. उन्हात किंवा बंद वाहनात ठेवलेल्या वाद्याचा पडदा काळवंडू शकतो व रबर कडक होते. धूळ टाळण्यासाठी वाद्य झाकून ठेवतात आणि पॅड कोरड्या किंवा किंचित ओलसर कापडाने पुसतात. अडॅप्टरचा विद्युत्दाब व ध्रुवता वाद्यावर छापल्याप्रमाणेच असावी लागते, कारण चुकीच्या अडॅप्टरने आतील मंडल जळू शकते. जनित्रावर कार्यक्रम असल्यास विद्युत्दाब स्थिर राखणारे साधन मध्ये जोडतात. वाद्य चालू किंवा बंद करताना ध्वनिवर्धकाचा आवाज आधी शून्यावर आणणे इष्ट असते.

हे सुद्धा पहा

तबला
ढोलकी
खंजेरी
संबळ
हलगी
सिंथेसायझर
केरवा (ताल)
तुकडोजी महाराज